सटवाजी रडतो, भर दुपारी

आमच्या गावात सटवाजी रडायला लागला की कुणी धावत जात नाही. तो रोजच रडतो. भर दुपारी, वीस-पंचवीस माणसांच्या देखत, हळदीच्या कुकरपाशी उभा राहून हा पैलवानी अंगाचा, झुपकेदार मिशांचा गडी हमसून हमसून रडतो. कुणी नवखा माणूस टकमक बघायला लागला, तर नाक शिंकरून त्यालाच विचारतो, “काय पाहून राहिला बे? कधी माणूस पाहिला न्हाई का?”

समोर तारेनं बांधलेल्या मोबाईलवर कोरियातली मालिका चालू असते.

हा कुकर म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे. आमच्या हिंगोली जिल्ह्यात हळद पुष्कळ. शेतातून काढलेली ओली हळद वाफेवर शिजवावी लागते, मग वाळवायची. त्यासाठी ट्रॅक्टरमागं ओढून न्यायचं एक धूड असतं: खाली भट्टी, वर पाण्याची टाकी, बाजूला हळद भरायचे मोठाले डबे. याला सगळेच कुकर म्हणतात. आखाडा बाळापूरच्या आसपास असे कुकर ढिगानं आहेत. रडणारा कुकरवाला मात्र एकच.

सटवाजी माझा शेजारी. आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो, एकमेकांच्या पाट्या फोडल्या. पण मी शाळामास्तर झालो त्या दिवसापासून त्यानं मला ‘गुर्जी’ आणि ‘तुमी’ म्हणायला सुरुवात केली. मी खूप वेळा सांगून पाहिलं. “ऱ्हाऊ द्या,” म्हणतो, “गावात एक तरी माणूस इज्जतीचा पायजे.”

आता तुम्ही म्हणाल, मोबाईलमध्ये डोकं घालून बसणारा माणूस लोकांची हळद बिघडवत असेल. गावातल्या चहाटळांनी हेच पसरवलं होतं. मी छातीठोकपणे सांगतो, तीस वर्षांत सटवाजीनं एक डबा कच्चा काढला नाही की एक डबा गाळ केला नाही. त्याचे डोळे कोरियात असतात, नाक हिंगोली जिल्ह्यात. वाफेचा वास बदलला की न बघता हात मागं करून तो कॉक फिरवतो. हसणाऱ्यांनी आधी एवढं करून दाखवावं.

कोरियन माणसांची नावं त्याच्या जिभेवर बसत नाहीत. मग त्यानं आपली नावं ठेवली आहेत. श्रीमंत कंपनीचा वारस असला की तो ‘अडत्याचं पोरगं’. गरीब, मानी, तीन-तीन नोकऱ्या करणारी पोरगी ‘आपली शोभा’. आणि शोभाला हॉटेलात बोलावून तिच्या तोंडावर ग्लासभर पाणी फेकणारी वारसाची आई म्हणजे ‘पाटलीणबाई’. मालिका बदलली, माणसं बदलली, तरी नावं तीच. शेतात हळदीचे गड्डे मोडत बसलेल्या बायकांना तो कुकरवरून ही कहाणी ओरडून सांगतो. कोरियातली मालिका हिंदीत बोलते, सटवाजी ती मराठवाडीत उतरवतो आणि मध्ये स्वतःची मतं घालतो.

“पाटलीणबाईनं फेकलं पाणी! फेक म्हणावं! आपली शोभा काय मिठाची हाय काय इरघळाया?”

बायका गड्डे टाकून टाळ्या पिटतात. मागच्या हंगामापासून तर मजूर बायका शेतमालकाला आधी विचारतात, “कुकर कोणाचा हाय?” सटवाजीचा असला तरच येतात. त्याला ‘बायल्या’ म्हणणारे दोन मोठे बागायतदार गेल्या माघात त्याच्या दारात टोपी काढून उभे होते. सटवाजीनं त्यांना बसायला पोतं दिलं आणि चालू भाग संपेपर्यंत बसवून ठेवलं.

“इतकं काय आहे रे त्यात?” मी एकदा विचारलं. माझा सूर मास्तरकीचा होता, हे कबूल करतो.

“गुर्जी,” तो म्हणाला, “आपल्या सिरेलीत ताटात पाच पक्वान्नं असतात, अन् कोणी घास तोडत न्हाई. कोणी बोललं की सासू तीनदा मान फिरवती, अन् ढगावानी आवाज व्हतो. त्यायच्यात माणूस जेवाया बसला तर जेवतो. घाम पुसत, भुरके मारत. चपला भाईर काढतो. आधी म्हातारं घास घेतं, मंग लेकरू. गच्चीवर लाल मिरच्या वाळू घालतात, रांजणात लोणचं मुरवतात. मला तर शक हाय, ते लोकं पयले औंढ्याकडलेच असतील.”

“आणि ते प्रेम?”

“हात धराया आठ भाग लागतात! म्हातारीसंग बसून पाहावं, इतकी मर्यादा. अन् एकदा धरला तर मंग सोडत न्हाईत. पोरगी थकली तर पाठुंगळी घेऊन चढण चढतात. आपल्या गावात बायको धापा टाकून राहिली तर नवरा म्हणतो, पाय उचल जरा. अन् शेवट येतो, गुर्जी. पंधरा दिवसांत सरतं सगळं. आपल्या सिरेलीचा शेवट पाहाया नातवाला सांगून मरावं लागतं.”

आणि रडण्याबद्दल कुणी छेडलं, की त्याचं ठरलेलं उत्तर: “माहे डोळे, माहं पाणी. तुह्या हिरीचं उपसून राहिलो काय?”

इथवर सगळं गमतीचं होतं. पुढचा घोळ माझ्यामुळं झाला.

सटवाजीला एकच मुलगी, वंदना. तिची आई वारली तेव्हा ती अकरावीत होती. नंतर नर्सिंग शिकली आणि हिंगोलीला एका दवाखान्यात लागली. मला सोयरिकी जुळवायची हौस आहे. माझी बायको तिला खोड म्हणते. मी वंदनासाठी कनेरगाव नाक्याचं एक स्थळ काढलं. मुलगा संदीप, वायरमन. वडील देवराव, वाशीम रोडला ढाबा. घरात देवरावांची थोरली बहीण, कारण बायको दोन वर्षांपूर्वी वारलेली. मुलामुलीनं फोटो पाहिले, फोनवर बोलले. वंदनानं मला तीन वेळा विचारलं, “काका, ते गाव कोणतं म्हणलाव?” तिला गाव चांगलं ठाऊक होतं. यावरून मी काय ते ओळखलं.

तेवढ्यात औंढ्याच्या बाजारात देवराव भेटले. म्हणाले, “गुर्जी, मले समजलं की पोरीचा बाप भर वावरात रडते. डोक्यानं ठीक हाये ना?”

मध्यस्थाच्या जिभेवर गूळ असावा लागतो. मी लगेच म्हणालो, “छे हो! तीस वर्षं वाफेसमोर उभा आहे तो माणूस. डोळ्यांतून पाणी येतं नुसतं.”

देवरावांनी मान हलवली. मी स्वतःवर खूष होऊन जिलबी घेतली आणि घरी आलो.

इतक्या सोयरिकी जुळवून मला एवढं कळायला हवं होतं, की मुलीचा बाप जरा चक्रम आहे म्हटलं तर लोक हसून सोडून देतात, पण त्याला दुखणं आहे म्हटलं तर सात पिढ्या खणतात. देवरावांनी घरी जाऊन सांगितलं. बहिणीनं निष्कर्ष काढला, की या घराण्यात डोळ्यांचा आजार आहे आणि तो पोरीत उतरला असणार.

रविवारी सकाळी पाहुणे आले. पोहे झाले. वंदना समोर येऊन बसली. देवरावांच्या बहिणीनं, सगळे तिला अक्का म्हणत होते, तिला नाव-गाव काही विचारलं नाही. भिंतीकडं बोट करून म्हणाली, “बाई, त्या कॅलेंडरावरचं वाच बरं. मोठं नको, खालचं बारीक.”

वंदनानं वाचलं. अक्कानं कनवटीची सुई काढली, दोरा काढला. “हे ओव बरं.”

दिवसभर लोकांच्या शिरा शोधणारी पोरगी ती. एका दमात सुई ओवली आणि विचारलं, “आणखी काय ओवू?”

संदीपला हसू आलं. अक्काला आलं नाही. तिनं मोहरा सटवाजीकडं वळवला. “अन् दादा, तुमचे डोये कोन्या डॉक्टरले दाखवले?”

“काहून?” सटवाजी म्हणाला. “माह्या डोळ्याला काय झालं?”

देवराव म्हणाले, “गुर्जी म्हणले ना, वाफीनं अधू झाले म्हणून. पानी गयते म्हणे.”

मी खोकलो. सटवाजीनं माझ्याकडं पाहिलं, मग पोरीच्या हातातल्या सुईकडं. त्याला सगळा प्रकार कळला. नुसतं ‘व्हय’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. चष्म्याचा एखादा नंबर सांगितला असता तर सोयरीक पक्की होती. मी देवरावांच्या पाठीमागून मानेनं खुणावत होतो, हो म्हण, हो म्हण.

त्यानं कपबशी खाली ठेवली.

“डोळे ठणठणीत हायेत. दोन वावरं पल्याडचा बैल कोणाचा ते सांगतो म्या. गुर्जी खोटं बोलले. म्या रडतो. मोबाईलवर कोरियाच्या सिरेली पाहतो अन् रडतो. रोज रडतो.”

मग देवराव हसले. ढाब्यावरचं हसू ते, चार गल्ल्या ऐकू जावं असं. हसून झाल्यावर म्हणाले, “हे पाहा, राग मानू नका. पोरगी आमाले पसंत हाये. पन माह्या ढाब्यावर दिवसभर ड्रायव्हर लोकं. उद्या म्हनतीन, देवरावचा व्याही मोबाईल पाहून बायावानी रडते. तेवढा नाद सोडा. आजपासून बंद म्हना, हितंच सुपारी फोडतो.”

मला हायसं वाटलं. किती सोपी अट! न बघण्यात काय जातं? आणि बघितलंच, तर कनेरगावला कोण सांगायला जातंय?

“न्हाई सोडत,” सटवाजी म्हणाला.

“अरे सटवाजी…”

“तुमी गप बसा, गुर्जी. तुमच्यामुळं माह्या पोरीवर सुई ओवायची पाळी आली.” मग तो देवरावांकडं वळला. आवाज चढला नव्हता. “वंदीची माय गेली तव्हा म्या रडलो न्हाई. एक थेंब न्हाई. लोकं म्हणले, काय छातीचा गडी हाय. गुर्जीनं पाठ थोपटली. ही पोरगी माह्या गळ्यात पडाया आली, तर म्या म्हणलो, रडू नको, पावण्यायला पाणी दे. तिनं दिलं. त्याच्यानंतर तिनं मला काई मागितलं न्हाई, काई सांगितलं न्हाई. दोन वरसं. भाकर वाढायची अन् ताट उचलायचं.”

वंदना खाली बघत होती.

“मंग एक दिवस ती मोबाईल पाहत बसली व्हती. म्या माघून पाहिलं. त्यात एक म्हातारा, हातगाडीवाला, बायको मेलेली. बाजारात त्याला तिच्या आवडीची मासोळी दिसली. अन् गडी तिथंच रस्त्यात बसला, अन् लागला रडाया. लोकं येऊन-जाऊन राहिले, अन् हा रडून राहिला. कोणी त्याला म्हणलं न्हाई, ऊठ, मर्दासारखा वाग. त्याची पोरगी आली अन् बाजूला बसली. बस, इतकंच. माह्या गालावर काय आलं ते मला कळंना. वंदीनं वळून पाहिलं. त्या दिवशी आमी बाप-लेक तिच्या मायसाठी रडलो. दोन वरसांचं शिळं रडणं. त्या दिसापासून माही पोरगी माह्याशी बोलती.”

तो उठून उभा राहिला. “तुमी म्हणता, सोडा. कसं सोडू? पोरीला दुसरं घर भेटंल, न्हाई तर न्हाई भेटणार. पण ह्या घरात आता कोणी चोरून रडणार न्हाई.”

भिंतीपलीकडं मी इतकी वर्षं राहिलो. त्या घरात दोन वर्षं कुणी कुणाशी बोलत नव्हतं, हे मला माहीत नव्हतं. स्मशानात मी त्याची पाठ थोपटली होती हे खरं. ‘वाघ आहेस’ असंही म्हणालो होतो. मला फार लाज वाटली. माझ्या हातात पोह्यांची बशी होती आणि ती कुठं ठेवावी हे सुचत नव्हतं.

वंदना उठली. मला वाटलं आत जाईल. पण ती संदीपसमोर जाऊन उभी राहिली. “मला एक विचारायचं हाय. तुमी कधी रडलाव का?”

संदीपचे कान लाल झाले. त्यानं बापाकडं पाहिलं, मग पायांकडं. “आई गेल्यावर ढाबा पयल्यांदा उघडला त्या दिवशी,” तो म्हणाला. “ढाब्याच्या मांगं, लाकडापाशी.”

“मले तं तू म्हनला डोयात धूर गेला!” देवराव म्हणाले.

“तुमी भट्टीपाशी उभे होते, बाबा. सैपाक चालू होता. गिऱ्हाइकं बसले होते. मंग काय म्हनू?”

देवरावांनी मुलाकडं पाहिलं. गार झालेला चहा उचलून एका घोटात प्यायले आणि मिशा पुसल्या; लागलं त्यापेक्षा जरा जास्तच वेळ पुसत राहिले.

“अक्का,” ते म्हणाले, “सुपारी काढ.”

अक्का म्हणाली, “पन तो नाद…”

“राहू दे नाद. लग्नात तेवढं जास्त रडू नका, व्याही. मांडव भिजते.”

“भिजला तर भिजला,” सटवाजी म्हणाला.

लग्नात तो रडलाच. पण त्याबद्दल मी लिहीत नाही. मुलगी सासरी निघाली की बाप रडतात, आणि तेव्हा कुणी हसतही नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्या एका दिवसाचं रडणं चालतं आणि बाकीच्या दिवसांचं चालत नाही, हा नियम कुणी केला? पारावरच्या मंडळींनी आता सटवाजीला छेडलं, तर उत्तर द्यायला मी थांबतो. शाळेतला आवाज आहे माझा, लांबवर जातो.

आषाढात एका दुपारी मी त्याच्याकडं गेलो. पेरण्या उरकल्या होत्या, कुकर अंगणात ताडपत्रीखाली झाकला होता. ओसरीवर तांब्याला मोबाईल टेकवून सटवाजी एकटाच बसला होता. मी बसल्याबरोबर त्यानं मला अडत्याच्या पोराची सगळी कहाणी सांगितली. पोराला अपघात झाला होता, शोभा गाव सोडून निघाली होती, पाटलीणबाईला पश्चात्ताप झाला होता. शोभा बसमध्ये चढली आणि भाग संपला. पुढचा भाग आपोआप सुरू होणार, तोच सटवाजीनं मोबाईल बंद केला.

“अरे, काय झालं? रिचार्ज संपलं?”

“न्हाई. शेवटचा हाय.”

“मग लाव की!”

“वंदी पंचमीला येणार हाय. तव्हा पाहू.” मग जरा ओशाळून म्हणाला, “चार सिरेलीचे शेवट राखून ठेवलेत. ती गेल्यापासून एक बी पाहिला न्हाई. एकट्यानं शेवट पाहून काय करू?”

मोबाईल त्यानं धोतराच्या सोग्याला पुसला. पोरीच्या लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते, आणि त्या दोन महिन्यांत मी त्याच्याकडं किती वेळा आलो, हे मोजायला एका हाताची बोटंही जास्त झाली असती. भिंत तर एकच होती.

मी सरकून त्याच्या शेजारी बसलो. “मी आहे ना. लाव. आपण दोघं पाहू.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत थट्टा नव्हती. बघणाऱ्याला राग यावा असंही काही नव्हतं.

“ऱ्हाऊ द्या, गुर्जी,” तो हळूच म्हणाला. “तुमी रडत न्हाई.”

आणि माझ्यासाठी चहा ठेवायला तो आत गेला.